विलायतेला निघालेल्या वकीलबाई

मानवाधिकार हा शब्द मी पहिल्यांदा सौंसरच्या कोर्टात, वकिलांच्या बाररूममध्ये ऐकला, आणि तोही भांडणात.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी नवा वकील. घर पांढुर्ण्याला, वकिली सौंसरला, दोन्ही गावं मध्य प्रदेशातली पण मराठी बोलणारी; त्यामुळे रोज सकाळची बस. त्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर सुमन सोमकुवर बसलेल्या असत. पांढरी साडी, घडी करून मांडीवर ठेवलेला काळा कोट आणि हातात पुस्तक. रस्ता असा की आमचे दात एकमेकांवर आपटायचे. बाई मात्र वाचत राहायच्या, आणि फारच मोठा खड्डा आला तर तेवढं बोट ओळीवर ठेवून थांबायच्या. सौंसरच्या बारमध्ये त्या वेळी त्या एकट्याच बाई वकील होत्या. वय असेल तिशीच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

भांडण झालं ते असं. एक जुने वकील चहा पिता पिता म्हणाले, "दोन लावल्याशिवाय चोर कबूल होते का कधी?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "हे मानवाधिकाराच्या विरोधात आहे," त्या म्हणाल्या.

"आता हे काय नवीन काढलं?"

"नवीन नाई वकीलसाहेब. माणसाच्या अंगावर चामडी हाय ना, तवापासूनचं हाय."

हे त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं, की खोलीतला पंखा ऐकू यायला लागला. ही त्यांची एक सवय होती. राग आला की इतरांचा आवाज चढतो, बाईंचा उतरायचा. कोर्टात त्यांचा आवाज खाली गेला की समोरचा वकील आपले कागद चाळायला लागायचा.

त्यांचे वडील किसनाजी रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. पांढुर्ण्याला रुळांच्या पलीकडे बौद्ध वस्तीत बापलेकीचं दोन खोल्यांचं घर होतं. आई लहानपणीच गेलेली. किसनाजींनी मुलीला नागपूरला ठेवून वकील केलं, आणि वस्तीत कुणी "सुमनचे बाबा" म्हटलं की ते शांतपणे दुरुस्त करायचे, "वकीलबाईचे बाबा."

बाईंकडे पक्षकार आला की त्या आधी त्याला बसवायच्या. बाकावर टेकायचं नाही, खुर्चीवर बसायचं. मग म्हणायच्या, "पयले झालं ते सांगा. कायद्यात बसते का नाई, ते मंग पाहू." बोलता बोलता कुणी रडायला लागलं, तर समजूत घालत नसत. पेन खाली ठेवून नुसत्या थांबायच्या. आणि याच बाई पांढुर्ण्याच्या टॉकीजमध्ये एकट्या सिनेमाला जायच्या आणि पडद्यावर कुणी मेलं की हुंदके देऊन रडायच्या. आमच्या गावात तेव्हा एकट्या बाईनं सिनेमाला जाणं हीच मोठी गोष्ट. वर तिनं असं रडायचं! कुणीतरी टोकलं तर म्हणाल्या, "पैसे देऊन रडून राहिली मी. तुमचं काय गेलं?"

न्यायाधीशाला सगळे "हुजूर" म्हणायचे, त्या "महोदय" म्हणायच्या. एका न्यायाधीशांना ते खटकलं. त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की महोदय म्हणताना कंबर वाकत नाही, युक्तिवाद नीट करता येतो. त्या दिवशी त्यांची सगळी प्रकरणं शेवटी पुकारली गेली. बाई संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. बाररूममध्ये माठ होता. बाई आणि मी एकाच वर्षी तिथं आलो; तेव्हा चपराशी त्यांना वरून ओंजळीत पाणी घालायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं, आणि कुणी त्याला थांबवलंही नव्हतं. काही दिवस बाई ओंजळीनंच प्यायल्या. मग एके दुपारी, भर उन्हाळ्यात, खोली भरलेली असताना त्या उठल्या. माठाजवळ गेल्या, ओगराळं घेतलं, पेले भरले आणि एकेकासमोर नेऊन ठेवू लागल्या. "आज मी देते पाणी," एवढंच म्हणाल्या. पेले टेबलावर तसेच. उन्हानं घसे कोरडे पडलेले आणि कुणी हात पुढे करेना. माझ्याही समोर पेला होता. मी भाऊसाहेबांकडे पाहत होतो, सगळेच त्यांच्याकडे पाहत होते. ते सर्वांत ज्येष्ठ, सोवळंओवळं पाळणारे. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि पेला उचलून घटाघटा रिकामा केला. "अजून दे बेटा," म्हणाले. मग आम्ही सगळे प्यालो. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी पाणी वाढलं नाही, आणि चपराश्यानंही वरून घातलं नाही.

परदेशी शिकायला जायचं बाईंच्या मनात कसं आलं, तर नागपूरला वकिलांची एक सभा झाली होती. तिथं आलेल्या एका पाहुणीनं सांगितलं की बाहेर आता मानवाधिकारांचा कायदा हा वेगळा विषय म्हणून शिकवतात, वकिलीच्या पदवीनंतर त्यात एक-दोन वर्षांचा अभ्यास करता येतो. बाईंनी पत्ते उतरवून घेतले. मग पांढुर्ण्याच्या पोस्टात जाड पाकिटं येऊ लागली. गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं, त्यांत हिरवळीवर बसलेली हसरी मुलंमुली. बाररूममध्ये ती हातोहात फिरायची. आम्ही चित्रं पाहायचो, बाई विषयांची नावं पाहायच्या.

शेवटी तीन जागा उरल्या. एक अमेरिकेतली, नावाजलेली. तिथं राहण्याखाण्यासकट शिष्यवृत्ती मिळत होती, आणि पुढे मोठमोठ्या जागतिक संस्थांत नोकऱ्या. दुसरी युरोपातली, तिचा सगळा भर देशादेशांतल्या करारांवर. तिसरी इंग्लंडातली, लहानशी. तो अभ्यासक्रम नवाच सुरू झालेला. तिथं कोठडीतल्या मारहाणीचे पुरावे कसे गोळा करायचे हा एक विषय होता आणि प्रबंध स्वतःच्या प्रश्नावर लिहिता येत होता. पण शिष्यवृत्ती फक्त फीपुरती.

"करारवाली सोडा," बाई बसमध्ये मला म्हणाल्या. "सौंसरच्या कोर्टात कोणता देश येऊन राहिला सही करायले?"

उरल्या दोन. आम्ही सर्वांनी एकमुखानं अमेरिका सांगितली. किसनाजींनीही तेच म्हटलं, पोटाची काळजी नसेल तिथं डोकं चालते म्हणाले. बाईंनाही ते पटलं. त्यांनी अमेरिकेला होकार कळवला, इंग्लंडच्या लोकांना आभाराचं पत्र पाठवलं आणि पासपोर्टचा अर्ज केला. त्या पावसाळ्याच्या शेवटी निघायचं होतं. बाई त्या दिवसांत बसमध्ये चक्क गप्पा मारायच्या. तिकडे थंडी केवढी असेल, साडीवर कोट कसा दिसेल, असल्या गप्पा.

आणि त्याच उन्हाळ्यात देवाजीचं प्रकरण आलं.

देवाजी हा मोहगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला, संत्र्याच्या बागेत राखणदार. बागेतली पाण्याची मोटर चोरीला गेली. मालकानं संशय घेतला आणि पोलीस देवाजीला घेऊन गेले. त्या ठाण्याचं नाव मी इथं लिहीत नाही. दोन रात्री त्याला आत ठेवलं. परत आला तेव्हा उजवं मनगट मोडलेलं, एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि पाय जमिनीला टेकवता येत नव्हते. मोटर पुढे दुसरीकडेच सापडली. देवाजीची माफी कुणी मागितली नाही.

त्याची बायको कौतिकाबाई त्याला बैलगाडीत घालून सौंसरला आली. उंच, काटक बाई. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. ती दोन-तीन वकिलांकडे जाऊन आली होती. ठाणेदाराविरुद्ध म्हटल्यावर प्रत्येकाला त्या दिवशी दुसरं काम निघालं होतं. सोमकुवरबाईंनी देवाजीला खुर्चीवर बसवलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. कौतिकाबाईनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "कायद्यात बसत नसन, तरी म्या सांगीन. कोन्हाले तरी सांगाच लागन ना बाई."

बाईंनी ठाणेदार आणि दोन शिपाई, तिघांविरुद्ध थेट कोर्टात खासगी तक्रार टाकली. आमच्याकडे त्याला इस्तगासा म्हणतात. आधी फिर्यादीचे साक्षीदार तपासायचे, त्यांत तथ्य दिसलं तर न्यायाधीश आरोपींना समन्स काढणार. बाईंचा हिशेब होता की जाण्याआधी साक्षी उरकतील.

साक्षी उरकेनात. एका पेशीला, म्हणजे तारखेला, डॉक्टर आले नाहीत, पुढच्या पेशीला दवाखान्यातून कागद आले नाहीत. तिसऱ्या पेशीला देवाजीबरोबर बागेत काम करणारा गडी, ज्यानं त्याला धडधाकट नेताना पाहिलं होतं, तो साक्षीच्या पुकाऱ्यालाच गैरहजर राहिला. कळलं की गाव सोडून गेला. पेशी पुढे, पावसाळा पुढे, आणि बाईंची जायची वेळ जवळ. बाररूममध्ये कुणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं की कुणीतरी दिवस मोजतं आहे.

एका रविवारी ठाणेदार स्वतः पांढुर्ण्याला किसनाजींच्या घरी आले. साध्या कपड्यांत, मिठाईचा डबा घेऊन. बाई घरी नव्हत्या. मी योगायोगानं तिथं होतो. बाईंनी मागितलेलं एक पुस्तक द्यायला गेलो होतो. ठाणेदार हिंदीत फार अदबीनं बोलले. मुलगी परदेशात चालली, गावाचं नाव काढते आहे, ऐकून आनंद वाटला म्हणाले. पासपोर्टसाठी पोलिसांचा अहवाल लागतो, ते काम करणारे सगळे आपलेच मित्र आहेत म्हणाले. एका शब्दात काम होईल. "बिटिया को समझाइए," ते उठता उठता म्हणाले, "मानवाधिकार पढ़ने जा रही है तो जाए न. यहाँ क्यों अटकी है?"

किसनाजी दारापर्यंत त्यांना पोचवायला गेले. परत येऊन बसले आणि मिठाईच्या डब्याकडे बघत राहिले. आयुष्यभर येणाऱ्या गाडीच्या आवाजावर रुळातून बाजूला झालेला माणूस. संकट किती लांब आहे हे त्याला ऐकूनच कळायचं.

बाई आल्या. बापानं सगळं सांगितलं. बाईंनी डबा उचलला आणि म्हणाल्या, "हा उद्या ठाण्यात पोचवते. पावती घेऊन."

"पोरी, आयक," किसनाजी म्हणाले. "केस दुसरा वकील चालवीन. हे भाऊ हायेत ना."

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. होकारार्थी हलवली की नकारार्थी, मला आजही सांगता येणार नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अवघड जागेतून माझी सुटका करायची म्हणूनच त्यांनी तसं केलं असावं.

"बाबा, तो म्हणते जा. तुम्ही म्हणता जा. दोघं एकच गोष्ट सांगून राहिले त मले भेव वाटते."

"मले भेव नाई वाटत का? तो आज मिठाई घेऊन आला. उद्या काय घेऊन येईन?" किसनाजींचा आवाज फाटला. "म्या तुले वकील केलं ते मार खायले नाई केलं!"

बाई बापाच्या पायाशी जमिनीवर बसल्या. मी पुस्तक ठेवून निघालो.

त्या आठवड्यात कौतिकाबाई बाररूमच्या दाराशी आली. बाई बाहेर जाणार हे तिला कुणीतरी मुद्दाम सांगितलं होतं. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "जाऊन राहिली म्हणते तू?"

"शिकाले जाऊन राहिली. एका वर्षानं येईन."

"एका वर्षानं म्या इथं ऱ्हाईन का? त्यो मले रस्त्यात उभं करून बोलते आता. म्हणते, तुही वकील उडून चालली. तू काय शिकून येशीन ते मले समजत नाई बाई. पण तू गेली, त म्या त्या पिंजऱ्यात उभी राहून कोनाकडं पाहू?"

बाई उठून उंबऱ्यापाशी आल्या. "पुढच्या पेशीला ये," म्हणाल्या. "मी हाय."

त्याच दिवशी त्यांनी अमेरिकेला तार केली, एक वर्ष थांबाल का म्हणून. उत्तर सभ्य होतं. जागा राखून ठेवता येत नाही, शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली जाईल. ते उत्तर आलं त्या दिवशी बाई बसमध्ये पुस्तक उघडून बसल्या होत्या आणि पांढुर्ण्यापर्यंत त्यांनी पान उलटलं नाही. बारमधले लोक त्यांना वेडी म्हणाले. भाऊसाहेबसुद्धा म्हणाले की बेटा, असं दार पुन्हा उघडत नसते. किसनाजींनी लेकीशी काही दिवस बोलणं सोडलं. दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट घेऊन जेवायचे आणि उठायचे.

पेशीच्या दिवशी कोर्टाची खोली भरली होती. मागच्या बाकांवर साध्या कपड्यांतले चार-पाच शिपाई येऊन बसले होते, कुणाला दिसावेत असेच. कौतिकाबाईला पुकारलं. तिनं शपथ घेतली, मागे वळून त्या बाकांकडे एकदा पाहिलं आणि मग बाईंकडे पाहून बोलायला लागली. पहिल्या वाक्याला तिचा आवाज अडकला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या. न्यायाधीशही थांबले. मग कौतिकाबाई बोलत गेली ते थेट शेवटपर्यंत: नवऱ्याला कसं नेलं, ठाण्याच्या आवारात ती कशी बसून होती, आतून कोणाचा आवाज येत होता आणि दार उघडलं तेव्हा दंडुका कोणाच्या हातात होता.

मग डॉक्टर आले. तरुण होते, नुकतेच नोकरीला लागलेले, घामानं भिजलेले. त्यांच्या तपासणीच्या अहवालात इजेचं कारण लिहिलं होतं: संत्र्याच्या झाडावरून पडल्यामुळे. त्यांनी ते वाचताच खोलीत खसखस पिकली. आमच्या भागात शेंबडं पोरही संत्र्याचं झाड जाणतं. ते इतकं बुटकं, की त्याच्यावरून पडून कुणाचं काही मोडत नाही. न्यायाधीश उत्तरेकडचे, त्यांना हसण्याचं कारण कळेना. बाई हसल्या नाहीत. त्यांचा आवाज खाली गेला. "डॉक्टरसाहेब, तळपायांबद्दल तुम्ही काय नोंदवलंय, तेवढं वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. दोन्ही तळपायांवर सूज आणि आडवे वळ.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी न्यायाधीशांनीच पुढे वाकून विचारलं, "झाडावरून पडल्यावर तळपायांवर आडवे वळ कसे येतात?"

डॉक्टरांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. मग देवाजीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "येत नाहीत, सर. पडल्याचं मला सांगण्यात आलं. वळ मी स्वतः पाहिले."

त्यांची पुढे दूर कुठंतरी बदली झाली. पण ते वाक्य लिहिलं गेलं होतं.

हुकूम आला तो अर्धा. दोन शिपायांवर समन्स निघालं. ठाणेदाराचं नाव मात्र वगळलं. कारण असं की सरकारी अधिकाऱ्यानं आपलं काम करताना काही केलं असेल तर त्याच्यावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, आणि ती नव्हती. बाररूममध्ये लोक म्हणाले, हेही काही कमी नाही. कौतिकाबाईला बाईंनी व्हरांड्यात उभं राहून समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे मारणं हे त्याचं काम होतं, असं लिवलं का कोर्टानं?"

बाईंनी तो प्रश्न फायलीच्या पाठीवर उतरवून घेतला. वकिलीत इतकी वर्षं काढल्यावर मी सांगतो, मला त्याचं उत्तर आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बाईंच्या हातात पुस्तक नव्हतं, जुनी माहितीपत्रकं होती. त्या ती पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या. "आधी मी पाहून राहिली होती, कोणतं कॉलेज मोठं हाय," त्या म्हणाल्या. "काय शिकाचं ते मले ठाऊकच नव्हतं भाऊ. आता ठाऊक हाय. कोठडीतला मार सरकारी काम हाय का नाई? हे जिथं शिकवतीन, तिथं जाचं."

त्यांनी इंग्लंडातल्या त्या लहान विद्यापीठाला पुन्हा लिहिलं. आधी नकार दिला होता, याची क्षमा मागितली आणि कौतिकाबाईचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत लिहिला. यावर प्रबंध करायचा आहे, शिकवू शकाल का, असं विचारलं. तिथल्या प्राध्यापकाचं उत्तर आलं, की या प्रश्नाचं तयार उत्तर आमच्याकडेही नाही. पण इतर देशांच्या कोर्टांनी काय म्हटलंय ते वाचायला ग्रंथालय आहे, आपण मिळून शोधू. बाईंना ते उत्तर आवडलं. "खोटं नाई बोलला," म्हणाल्या.

पासपोर्टचा अहवाल अडकलेलाच होता. बाईंना घेऊन किसनाजी स्वतः जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस साहेबांकडे गेले. लेकीशी अबोला होता, तो त्या बसमध्ये सुटला म्हणतात. साहेब भेटेपर्यंत दोघं व्हरांड्यात बसून होते. किसनाजींनी आत जाऊन रेल्वेचं जुनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, माझ्या पोरीविरुद्ध काय हाय ते लिवून द्या. नसन, त तसं लिवून द्या." साहेबांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून चौकशी करवली. अहवाल आला. राहण्याखाण्याचं काय, तर नागपूरच्या ओळखीच्या लोकांनी, वस्तीनं आणि बारमधल्या काहींनी मिळून भागवलं. भाऊसाहेब त्यात सर्वांत पुढे होते.

जाण्याआधी बाईंनी वरच्या कोर्टात ठाणेदाराला वगळण्याविरुद्ध अर्ज दाखल केला आणि तो माझ्याकडे सोपवला. मी काही पराक्रम केला नाही. फक्त तारखा घेत राहिलो, अर्ज मरू दिला नाही. त्या वर्षात दोनदा मला रस्त्यात थांबवण्यात आलं. काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. पण एवढं कळलं, की बाई रोज कसली भीती सोबत घेऊन बसमध्ये बसत होत्या.

बाई परत येणार नाहीत, असं सगळे धरून चालले होते. त्या आल्या. थोड्या बारीक झालेल्या, केसांत एक पांढरी बट आणि तिकडची थंडी सोसून फुटलेले ओठ. तिकडचं काही सांगा म्हटलं तर म्हणाल्या, "भाजी बेचव. ग्रंथालय चांगलं." आल्या त्या महिन्यातच वरच्या कोर्टात त्यांनी युक्तिवाद केला. मी शेजारी बसलो होतो. कुठल्या कुठल्या देशांतले निकाल होते त्यात. पण सगळ्यांचा मुद्दा एकच. माणसाला ताब्यात घेणं हे पोलिसाचं काम. ताब्यातल्या माणसाच्या तळपायांवर दंडुका मारणं हे कोणाचंच काम नाही, मग त्याला मंजुरीचं पांघरूण कशाला? त्यांचा आवाज इतका खाली होता की न्यायाधीश पुढे सरकून ऐकत होते. अर्ज मंजूर झाला.

ज्या दिवशी ठाणेदार आरोपी म्हणून सौंसरच्या कोर्टात उभे राहिले, त्या दिवशी पुकारा करणाऱ्या चपराश्याची जीभ अडखळली. त्यानं आधी सवयीनं "साहेब" म्हटलं, मग नुसतं नाव घेतलं. ठाणेदार आले. कौतिकाबाई समोरच्या बाकावर बसली होती, ती उठली नाही. नवऱ्याचा वाकडा हात हातात धरून ती त्यांच्याकडे सरळ बघत राहिली. ठाणेदारांनी नजर वळवली. जामीन झाला, पुढची तारीख पडली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिघांनाही शिक्षा झाली. पण तोवर बाई जबलपूरच्या हायकोर्टात गेल्या होत्या, आणि तिथून आणखी कुठं कुठं.

ठाणेदार उभे राहिले त्या दुपारी कोर्ट उठल्यावर भाऊसाहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. बाई बाररूममध्ये आल्या नाहीत. त्यांना बोलवायला मला पाठवलं. मी कोर्टाच्या खोलीत डोकावलो. खोली रिकामी होती, खिडकीतून तिरकं ऊन आत आलं होतं. साक्षीदारांच्या बाकावर बाई बसल्या होत्या, काळ्या कोटासकट, चपला पायांतून निसटलेल्या. त्यांचं डोकं कौतिकाबाईच्या खांद्यावर टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या. पलीकडे देवाजी हातानं हळूहळू माश्या वारत होता.

मी हाक मारणार तोच कौतिकाबाईनं न हलता माझ्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ती कुजबुजली. "चहा मंग पेईन ते."

मी दार ओढून घेतलं.